इंदुलकरबाईंचा चारचा प्रश्न

आईच्या पतसंस्थेतले सगळे कर्मचारी एकाच दुपारी संगणकसाक्षर झाले आणि त्याच संध्याकाळी त्यातले बहुतेक पुन्हा निरक्षर झाले. मधल्या वेळात प्रमाणपत्रं वाटली गेली, पेढे खाल्ले गेले, आणि चेअरमनसाहेबांनी गळ्यात हार घालून घेत जाहीर केलं की एकविसावं शतक रत्नागिरीत येऊन पोचलं आहे. हे शतक तीन संगणकांच्या रूपाने आलं होतं आणि मागच्या खोलीत प्लॅस्टिकच्या आवरणाखाली ठेवलं होतं. धूळ लागू नये म्हणून. माणसंही लागू नयेत, हे कुणी बोलून दाखवलं नाही.

हे २००१ साल. बाजारातल्या एका खाजगी क्लासची संगणकाची प्राथमिक परीक्षा जो पास होणार नाही त्याची खुर्ची राहणार नाही, असा चेअरमनसाहेबांचा हुकूम होता. त्यामुळे चाळिशी-पन्नाशीची माणसं दिवसभर काउंटर सांभाळून संध्याकाळी क्लासला जात होती. सगळ्यांना ती परीक्षा एकदाची संपायला हवी होती. ती संपली. एकट्या इंदुलकरबाईंच्या लेखी ती त्या दिवशी सुरू झाली, आणि पुढची सहा वर्षं त्यांनी ती कुणालाच संपवू दिली नाही.

बाई संस्थेत कॅशियर. उंच, काटकुळ्या, चष्म्याला काळा गोफ बांधलेला, आणि आवाज असा की जाळीआड बसून हाक मारली तर रस्त्यावरचा रिक्षावाला वळून बघायचा. माहेर-सासर दोन्ही लांज्याकडचं. नवरा मुंबईला गोदीत. तो गणपतीला आणि शिमग्याला यायचा. बाकीचं वर्ष बाई एकट्या राहायच्या आणि त्याबद्दल कुणी कीव केली तर म्हणायच्या, "वर्षातून दोनदा भांडायला माणूस घरी येतो. आणखी काय हवं?"

पेढे वाटल्याच्या दुसऱ्या दिवशी चार वाजता चहा आला. चहाची किटली बाईंच्या काउंटरवर ठेवायची पद्धत होती, कारण बाकी कुणावर वाटणीचा भरवसा नव्हता. बाईंनी पहिला कप भरला आणि मांडवकरांना विचारलं, "मांडवकर, संगणक बंद करायची योग्य पद्धत कोणती?"

मांडवकर म्हणजे संस्थेतले वसुली क्लार्क आणि स्वयंघोषित विनोदवीर. ते म्हणाले, "बटण दाबायचं. नायतर लाइट जायची वाट बघायची. रत्नागिरीत दोन्ही एकच."

सगळे हसले. बाईंनी कप जाळीच्या आत ओढून घेतला.

"या प्रश्नाचा मार्क घेतलात ना?"

"घेतला."

"मग उत्तर द्या आणि चहा घ्या."

"अहो बाई, परवा येत होतं की!"

"येत होतं म्हणजे येत नाही."

मांडवकरांना त्या दिवशी चहा मिळाला, पण गार. त्यानंतर रोज चार वाजता एक प्रश्न येऊ लागला. उत्तर आलं तर गरम चहा आणि बटर, नाही आलं तर सगळ्यात शेवटी, गार आणि बटराशिवाय. वर्षं लोटली, तिघांच्या मुली नांदायला गेल्या, एकाची बायपास झाली, पण चारचा प्रश्न चुकला नाही. बायपासवाल्याला रजेवरून परत आल्याच्या दिवशी विचारलं गेलं की वीज गेल्यावर कुठल्या स्मृतीतली माहिती पुसली जाते. त्याने छातीवर हात ठेवून अचूक उत्तर दिलं. बाईंनी त्याला बिनसाखरेचा चहा वेगळा करून दिला.

आमच्या घरी पत्रकांचं वातावरण. बाबा एस.टी.च्या कामगार संघटनेत. मी अंगाईगीतांपेक्षा 'कामगार बंधू-भगिनींनो' जास्त ऐकलं असेल. त्यामुळे आई घरी येऊन कपबशी विसळता विसळता "इनपुट साधने: कीबोर्ड, माऊस…" असं पुटपुटू लागली तेव्हा माझं डोकं तापलं. मी तेव्हा नववीत होते आणि जगातल्या सगळ्या अन्यायाची जबाबदारी माझ्यावर होती.

"मालकाने जबरदस्तीने शिकवलं, आणि ही बाई ते पाठ करून घेते! ही मालकाचीच माणूस!"

"तू नको सांगू," आई म्हणाली. "आणि रॅम म्हणजे काय ते बघ त्या पुस्तकात. उद्या माझी पाळी असणार."

एकदा आईला आणायला गेले होते तेव्हा मी हे बाईंना तोंडावर ऐकवलं. बाई नोटा मोजत होत्या. ओल्या स्पंजवर बोट टेकत म्हणाल्या, "ही नोट काल चालत होती. आज चालली नाही, तर मी गिऱ्हाइकाला काय सांगू? काल चालत होती हो, म्हणून सांगू? सही केलीय ना आम्ही, आम्हाला येतं म्हणून? मग येऊ दे. जबरदस्तीने शिकलो की हौसेने, ते तू तुझ्या बाबांना विचार. पत्रकात घाला."

पत्रकं वाचून वाढलेल्या माणसाची हीच अडचण असते. समोरचा पत्रकातल्यासारखा बोलला नाही तर पंचाईत होते.

बाई पास झाल्या त्याचीही एक हकीकत होती. घरी संगणक नाही, क्लासमध्ये एका यंत्रापुढे चार जण. म्हणून त्यांनी जुन्या कॅलेंडरच्या मागच्या बाजूला कीबोर्ड काढला आणि तो ओट्यावर चिकटवला. भात शिजेपर्यंत त्यावर बोटं चालवायच्या. शेजारीण सांगायची, "बाई कागदावर टाइप करतात नि मधेच स्वतःला ओरडतात, चुकलं म्हणून. काय लिहिलं ते दिसत नाय, तर चुकलं कसं कळतं?" बाईंना कळायचं.

परीक्षेच्या दिवशी क्लासच्या सरांना खोकला झाला होता. पहिला पर्याय बरोबर असेल तर एकदा, दुसरा असेल तर दोनदा, असा शिस्तीचा खोकला. सगळा वर्ग कान देऊन बसलेला. पाचव्या प्रश्नाला बाई उभ्या राहिल्या.

"सर, आडुळसा घ्या. नाहीतर बाहेर जाऊन खोका. इथे माणसं परीक्षा देतायत."

सर बाहेर गेले. त्यानंतर सगळ्यांना स्वतःच्या डोक्याने उत्तरं लिहावी लागली, आणि हा अपमान मांडवकर कधी विसरले नाहीत. तरी क्लासच्या लाल गाइडमधलेच प्रश्न शब्दशः आल्यामुळे सगळे तरले. बाईंना ब्याण्णव मिळाले. चेअरमनसाहेबांना शंभर. साहेब क्लासला कधी आले नव्हते आणि परीक्षेच्या दिवशी त्यांना कुणी पाहिलंही नव्हतं, पण प्रतिभावंत माणसाला अशी हजेरी लागत नसावी. त्यांचं प्रमाणपत्र गुणांसकट फ्रेम करून केबिनमध्ये लागलं. एका बाजूला गणपती, दुसऱ्या बाजूला मंत्रिमहोदयांशी हस्तांदोलन.

हळूहळू बाईंचा प्रश्न संस्थेबाहेरही पोचला. एका गणपतीत मुंबईहून आलेल्या धाकट्या दिराने आपल्या कंपनीतल्या संगणकाचं कौतुक सांगायला सुरुवात केली. बाईंनी त्याच्या पानात मोदक वाढला, त्यावर तूप घातलं, आणि विचारलं, "भाऊजी, रॅम नि रॉममध्ये फरक काय?"

भाऊजींच्या तोंडात मोदक होता. तो त्यांनी फार वेळ चावला.

"ते आमच्याकडे दुसरं डिपार्टमेंट बघतं, वैनी."

"हां. मग आता दुसऱ्या डिपार्टमेंटला मोदक वाढते," असं म्हणून बाई पुढच्या पानाकडे गेल्या.

मांडवकरांच्या त्या पहिल्या दिवशीच्या विनोदाचा सूड तर त्यांनी रीतसर घेतला. पुढे संगणक खरोखर वापरात आले होते आणि साडेपाचला जाताना मांडवकर दिव्यांबरोबर त्यांचंही मेन बटण खाली ओढायचे. एकदा बाईंनी ते पाहिलं. मांडवकर पायरी उतरले होते, लांज्याची गाडी लागायची वेळ झाली होती.

"मांडवकर, वर या."

"बाई, गाडी!"

"चालू करा. पूर्ण चालू होऊ दे. आता पद्धतशीर बंद करा."

त्या काळचे संगणक चालू व्हायला वेळ घ्यायचे. मांडवकर घड्याळाकडे बघत उभे, बाई छत्री टेकून दारात उभ्या. गाडी गेली. पुढची गाडी येईपर्यंत बाई त्यांच्यासोबत स्टँडवर बसून राहिल्या आणि स्वतःच्या पैशाने त्यांना भजी खायला घातली. भजी खाताना काही विचारलं नाही, असं मांडवकर नंतर उपकार सांगितल्यासारखं सांगत.

मग २००४ साली संस्थेने सभासदांच्या सह्या संगणकात घेण्यासाठी स्कॅनर आणला. सगळे नवी नवरी बघायला जमावं तसे भोवती जमले. स्कॅनरने सही आत घेतली, ती पडद्यावर उमटली. बाई बघत राहिल्या. म्हणाल्या, "हा तर माहिती आत घेतो."

"मग?" आईने विचारलं.

"मग गो काय सुनंदा! म्हणजे हा इनपुट. आपण काय लिहिलंय परीक्षेत?"

सगळ्यांनी एका सुरात सांगितलं, "आउटपुट!" लाल गाइडात तसंच छापलं होतं. प्रिंटरच्या शेजारी, दिसायला सारखा म्हणून असेल, स्कॅनरही माहिती बाहेर देणाऱ्या यंत्रांत बसवला होता. परीक्षेतही तो प्रश्न होता, आणि क्लासने याच चुकीच्या उत्तराला मार्क दिले होते. बाईंनी तिथल्या तिथे क्लासला फोन लावला. सर म्हणाले, "बाई, मार्क मिळाले ना? मग कशाला उकरून काढता?"

बाईंनी फोन ठेवला आणि त्यांच्या आयुष्यातला सगळ्यात विचित्र निर्णय घेतला. खरं उत्तर इनपुट, हे सगळ्यांनी लक्षात ठेवायचं. पण परीक्षेचं उत्तर आउटपुट, हेही विसरायचं नाही.

"चूक कशाला पाठ करायची, बाई?" आई वैतागली.

"कारण त्याचा मार्क खाल्लाय आपण. चुकीचा खाल्ला तर चुकीचा. पण काय खाल्लं ते ठाऊक पाहिजे."

तेव्हापासून चार वाजता स्कॅनरचा प्रश्न आला की विचारलं जायचं, "खरं सांगू की परीक्षेतलं?" मांडवकर तर बटराबद्दलही तसंच विचारायला लागले. "खरं बटर देताय की परीक्षेतलं?"

मी तोवर कॉलेजात गेले होते आणि स्वतःची पत्रकं स्वतः लिहायला लागले होते. २००७च्या उन्हाळ्याच्या तोंडावर आई एक दिवस घरी आली ती चप्पल न काढताच खुर्चीवर बसली. संस्थेच्या फळ्यावर नोटीस लागली होती. प्रमाणपत्रधारक कर्मचाऱ्यांचं ज्ञान टिकून आहे की नाही याची तोंडी चाचणी. ज्यांचं टिकलं नसेल त्यांनी स्वेच्छेने घरी जावं. ज्ञानाची ही अचानक आलेली कळकळ कशासाठी होती ते सगळ्या गावाला माहीत होतं. चेअरमनसाहेबांच्या तीन भाच्या पदवीधर होऊन घरी बसल्या होत्या आणि त्यांना बसायला दुसरीकडे खुर्च्या हव्या होत्या. आई, बाई आणि आणखी एक वयस्कर क्लार्क, या तीन बायकांच्या खुर्च्या साहेबांनी मनात रिकाम्या करून ठेवल्या होत्या. बाबांची तेव्हा हृदयाची औषधं सुरू होती आणि ते निम्मे दिवस रजेवर असायचे. आईच्या पगारावर घर होतं. ती रात्री जेवली नाही.

चाचणीच्या दिवशी मी पत्रकांचा गठ्ठा घेऊन संस्थेच्या व्हरांड्यात उभी राहिले. खिडकीच्या गजांतून हॉल दिसत होता. फजिती चारचौघांत व्हावी म्हणून चेअरमनसाहेबांनी चाचणी सगळ्यांसमोर ठेवली होती आणि स्वतःची फ्रेमही केबिनमधून आणून मागच्या भिंतीवर टांगून घेतली होती, बहुधा प्रेरणेसाठी. परीक्षक त्यांचाच पुतण्या. पुण्याला संगणकाचं काही करत होता. बिचारा पोरगा बरा होता. त्याला वाटत होतं की काका खरोखर चाचणी घेतायत.

पहिला नंबर आईचा लागला. तिची उत्तरं येत गेली. रॅम, रॉम, फाइल जपून ठेवायची पद्धत, फ्लॉपीत किती मावतं. फ्लॉपी तोवर कुणी वापरत नव्हतं. पोराने कौतुकाने मान हलवली. चेअरमनसाहेबांचा चेहरा पडत चालला. शेवटी पोराने विचारलं, "स्कॅनर हे कोणतं साधन?"

आई थांबली. "खरं सांगू की परीक्षेतलं?"

"हा काय बाजार आहे का?" चेअरमनसाहेब कडाडले. "नोटीस वाचली नाही? पास होताना होतं ते ज्ञान टिकलंय का, एवढंच बघायचंय! पास होताना काय लिहिलंत ते सांगा."

"आउटपुट," आई म्हणाली.

पोरगा अडखळला. "मॅडम, चूक. इनपुट."

मग मांडवकर आले. सगळं बरोबर, स्कॅनर आउटपुट. बायपासवाले आले. सगळं बरोबर, स्कॅनर आउटपुट. चेअरमनसाहेबांच्या चेहऱ्यावर हळूहळू रंग परतला. पाचव्या माणसानेही आउटपुट म्हटल्यावर ते उठून उभे राहिले.

"सगळ्यांची एकच चूक! याला म्हणतात कॉपी! एकाचं बघून सगळ्यांनी लिहिलं! कॉपी करून पास झालेल्यांना या संस्थेत जागा नाही. एकालाही नाही!"

तीन खुर्च्या हव्या होत्या, त्यांना अख्खा हॉल मिळाला. मी गठ्ठा खाली ठेवून आत जायला निघाले, तेवढ्यात बाई उभ्या राहिल्या.

"साहेब, माझी पाळी राहिलीय."

"तुमचं काय ऐकायचं? आउटपुट!"

"आउटपुट. सतरावा प्रश्न होता. गाइडात चुकीचं छापलं होतं, आम्ही ते लिहिलं, क्लासने मार्क दिले. इनपुट लिहिणाऱ्याचा मार्क कापला असता." बाईंनी गोफ सारखा करून चष्मा चढवला. "आता तुम्ही सांगा."

"मी काय सांगू?"

"नोटिशीत प्रमाणपत्रधारक म्हटलंय. तुमचंही प्रमाणपत्र आहे. आमच्याच परीक्षेचं. आमच्याच दिवशीचं. स्कॅनर काय लिहिलंत तुम्ही?"

चेअरमनसाहेब पुतण्याकडे बघून हसले. बरोबर उत्तर त्याने आत्ताच पाचदा सांगितलं होतं.

"इनपुट! तेव्हाही इनपुटच लिहिलं. मी कुणाची कॉपी करत नसतो."

"बरोबर आहे तुमचं उत्तर," बाई म्हणाल्या. "मग एक मार्क कापला गेला असणार. शंभरातले नव्याण्णव."

हॉलमधले सगळे साहेबांच्या डोक्यावरच्या फ्रेमकडे बघायला लागले. पुतण्याही. त्याने तर जवळ जाऊन वाचलं. शंभरपैकी शंभर.

"काका," तो अगदी निष्पापपणे म्हणाला, "मग हे कसं काय?"

मांडवकरांना ठसका लागला. या वेळी कुणी आडुळसा घ्यायला सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी फळ्यावरची नोटीस तांत्रिक कारणास्तव उतरली. फ्रेमही उतरली. कुणाचीही नोकरी गेली नाही. चौथ्या दिवशी इंदुलकरबाईंच्या प्रदीर्घ अनुभवाची दाभोळ शाखेला नितांत गरज असल्याचं व्यवस्थापनाच्या लक्षात आलं. निवृत्तीला वर्ष राहिलं होतं. दाभोळची शाखा म्हणजे एक खोली, एक टेबल आणि रत्नागिरीहून जायला जवळजवळ अख्खा दिवस. बाई दोन पिशव्या आणि छत्री घेऊन गेल्या.

मी पेटून पत्रक लिहिलं. 'सत्य बोलल्याची शिक्षा!' असा मथळा. कर्मचाऱ्यांच्या सह्या घ्यायला गेले तर ज्यांच्या खुर्च्या वाचल्या होत्या त्या सगळ्यांना एकाएकी कामं निघाली. बायपासवाल्यांनी छातीवर हात ठेवला. मांडवकर म्हणाले, "बाईंना आवडायचं नाय हो ते." आई म्हणाली, "आता कुठे मिटलंय. राहू दे ना गो." चार वाजता संस्थेत किटली यायची आणि सगळ्यांना एकदम गरम चहा मिळायचा. ज्ञान टिकलं की नाही याची विचारपूस त्यानंतर कुणीच केली नाही.

मे महिन्यात मी पत्रकं घेऊन दाभोळला गेले. निघताना आईने गुपचूप एक डबा पिशवीत टाकला. सही केली नव्हती, पण पहाटे उठून बरक्या फणसाचा रस काढून सांदणं वाफवली होती.

बाई जेट्टीवर भेटल्या. खाडीपलीकडच्या बायकांची बचत खाती उघडायची होती म्हणून फेरीबोटीची वाट बघत होत्या. उन्हाने रापल्या होत्या. मी पत्रक पुढे केलं. त्यांनी ते शेवटपर्यंत वाचलं.

"शोषण किती वेळा लिहिलंयस! एकदा लिहून कळत नाही होय?" मग त्यांनी खाली पाहिलं. "सह्या कुठायत?"

मी उरलेली पत्रकं पिशवीत सारली.

"सुनंदाची पण नाही?"

"नाही."

"बरं केलंन. तिची खुर्ची राहावी म्हणून एवढं केलं, आणि आता सही करून ती घालवेल होय! तुझे बाबा कसे आहेत?"

"औषधं चालू आहेत."

"मग हे वाटू नको. तुला राग येतोय ना? येऊ दे. पण तुझ्या रागाचं बिल तिच्या नावाने फाडू नको."

मी रागानेच डबा त्यांच्या हातात दिला. त्यांनी झाकण उघडलं, वास घेतला आणि तिथेच उभ्या उभ्या एक सांदण तोंडात टाकलं. चष्मा काढून पदराने पुसला. तो काही खारा वारा लागून धूसर झाला नव्हता.

"गूळ हात राखून घालते मेली," त्या म्हणाल्या. "पोचलं म्हणून सांग तिला."

फेरीबोट लागली. बाई कोळणींच्या टोपल्यांमधून वाट काढत कठड्याशी जाऊन उभ्या राहिल्या. बोट सुटली तेव्हा डबा उघडाच होता. शेजारच्या कोळणीच्या हातावर त्यांनी एक सांदण ठेवलं होतं, आणि ती कोळीण ते खाता खाता त्यांना काहीतरी जोरजोराने बजावत होती. बाई तिच्याहून वरच्या आवाजात उत्तर देत होत्या. खाडीच्या मध्यापर्यंत दोघींचे आवाज ऐकू येत होते. माझ्याकडे त्यांनी एकदाही वळून पाहिलं नाही.